ठकी गाडी आणि टिंबीचं खोबरं

एक होती गाडी. कोण होती? अहो, मीच की! नाव माझं ठकी.

हसता काय? लाल रंग. दोन डोळे. चार चाकं. आणि तोंड? तोंड मात्र फार मोठं. गप्प बसायचं मला ठाऊकच नाही.

आधी मी वळताना रडायचे. उजवीकडे वळले, उंऽऽऽ! डावीकडे वळले, उंऽऽऽ! सगळी गल्ली म्हणायची, "आली बाई रडूबाई!"

माझी मालकीण कुमुदमावशी. तिने मला इलाहीमेस्त्रींकडे नेलं. मेस्त्रींनी माझं पॉवर स्टीअरिंग दुरुस्त केलं. स्टीअरिंग म्हणजे ते गोल गोल, जे धरून गाडी वळवतात ना, ते. आता एका बोटाने वळायला लागलं. सुळ्ळकन इकडे! सुळ्ळकन तिकडे! रडणं बंद.

मग काय, माझा थाट विचारू नका. "माझ्यासारखी गाडी गल्लीत नाही," असं म्हणायला लागले मी. गल्लीत दुसरी गाडीच नव्हती, ती गोष्ट वेगळी.

दुरुस्त होऊन मी घरी आले. मावशीने मला हळद-कुंकू लावलं. हार घातला. चाकापुढे नारळ फोडला. फट्ट! पाणी उडालं. मावशीने सगळ्यांना खोबरं वाटलं. एक तुकडा, करवंटीसकट, पायरीवर ठेवला.

"हा घे गं टिंबे, तुझा वाटा!"

टिंबी कोण? एक इवलीशी उंदरीण. टिंबाएवढी, म्हणून टिंबी. अंगणाच्या त्या टोकाला भिंत. भिंतीत बीळ. बिळात टिंबीचं एकुलतं एक पिल्लू. पिल्लाला पहिला दात आला होता. आज संध्याकाळी त्याचं उष्टावण. उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. दूध पुरे झालं, आता खाऊ! आणि खाऊ कसला? खोबऱ्याचा!

पाहुणेसुद्धा येऊन बसले होते. झुरळकाका आले. मुंग्या आल्या. एक पालही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

टिंबी खोबरं ओढत निघाली. ओढ ओढ, थांब. ओढ ओढ, थांब. माझ्या चाकापाशी आली. दमली. जरा टेकली.

तेवढ्यात मावशी गाडीत बसली. "ठके, चल गं, एक चक्कर मारू!"

घुर्रर्र! मी निघाले पुढे. टिंबीने मारली उडी बाजूला. आणि खोबरं? खटक्! गेलं माझ्या चाकात. बसलं घट्ट.

मग आवाज आला.

कर्र कट् कट्! कर्र कट् कट्!

मावशीने दाबला ब्रेक. "अगं बाई! आत्ताच तर दुरुस्त केली!" तिने चावी काढली. कपाळाला हात लावला. पायरीवर जाऊन बसली.

आणि मी? मी फुगले! "मला आजार झालाय," मी म्हटलं. "साधासुधा नाही. पॉवर स्टीअरिंगचा आजार! असा मोठा आजार गल्लीत कुणालाच नाही."

टिंबी आली माझ्याकडे. तुरुक् तुरुक्, तुरुक् तुरुक्.

"ठकीबाई, ठकीबाई, मागे ये ना.
गाडी मागे आली की खोबरं सुटेल.
खोबरं सुटलं की पिल्लाचं उष्टावण होईल!"

मी म्हटलं, "छे गं छे! खोबऱ्याचा कुठे एवढा आवाज येतो? माझं स्टीअरिंग बिघडलंय! मावशी चावी फिरवेल, तेव्हाच मी मागे येईन."

चाक माझं. खोबरं माझ्या चाकात. आणि मीच म्हणते, खोबरं नाही! काय म्हणावं मला?

टिंबी निघाली मावशीकडे. आता इथून पुढचं मी काही डोळ्यांनी बघितलं नाही. मी आजारी होते ना! टिंबीने नंतर सांगितलं, तसंच्या तसं सांगते.

टिंबी आली पायरीवर. तुरुक् तुरुक्, तुरुक् तुरुक्.

"मावशी, मावशी, चावी फिरव ना.
चावी फिरली की गाडी मागे येईल.
गाडी मागे आली की खोबरं सुटेल.
खोबरं सुटलं की पिल्लाचं उष्टावण होईल!"

मावशी म्हणाली, "छे गं छे! खोबऱ्याचा कुठे एवढा आवाज येतो? स्टीअरिंगचा पंप बिघडलाय! मेस्त्री येतील, तेव्हाच मी चावी फिरवेन."

पंप कुठे असतो, मावशीला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? पण मावशीचं ऐकून मी तिथूनच जोरात म्हटलं, "हो हो, पंपच!"

टिंबी निघाली नाक्यावर. तिथे इलाहीमेस्त्रींचं गॅरेज. ठाक ठुक! ठाक ठुक! मेस्त्री एका रिक्षाखाली झोपून काम करत होते. बाहेर नुसते पाय दिसत होते. टिंबी आली पायांपाशी. तुरुक् तुरुक्, तुरुक् तुरुक्.

"मेस्त्री, मेस्त्री, चला ना.
मेस्त्री आले की मावशी चावी फिरवेल.
चावी फिरली की गाडी मागे येईल.
गाडी मागे आली की खोबरं सुटेल.
खोबरं सुटलं की पिल्लाचं उष्टावण होईल!"

रिक्षाखालून मेस्त्रींनी विचारलं, "आवाज कसा येतो?"

"कर्र कट् कट्!"

"कर्र की खर्र?"

"कर्र!"

"कट् की खट्?"

"कट्!"

"कर्र आधी की कट् आधी?"

"अहो मेस्त्री, खोबरं आहे ते!"

मेस्त्री म्हणाले, "छे गं छे! खोबऱ्याचा कुठे एवढा आवाज येतो? स्टीअरिंगचं तेल कमी झालंय! माझ्याकडचं तेल संपलं. झुंबरशेठ डबा देतील, तेव्हाच मी येईन."

आणि पुन्हा ठाक ठुक! ठाक ठुक!

टिंबी निघाली झुंबरशेठच्या दुकानात. दुकानात तेलच तेल. गाडीचं तेल, इंजिनाचं तेल, स्टीअरिंगचं तेल. खाली फरशीवर पण तेल! टिंबी आली शेठसमोर. तुरुक् तुरुक्, सुर्रर्र... धप्प! उठली. शेपटी झटकली.

"शेठ, शेठ, डबा द्या ना.
डबा मिळाला की मेस्त्री येतील.
मेस्त्री आले की मावशी चावी फिरवेल.
चावी फिरली की गाडी मागे येईल.
गाडी मागे आली की खोबरं सुटेल.
खोबरं सुटलं की पिल्लाचं उष्टावण होईल!"

झुंबरशेठ म्हणाले, "छे गं छे! खोबऱ्याचा कुठे एवढा आवाज येतो? गाडीचा पट्टा सैल झालाय! तरी डबा देतो, तुझा हट्टच आहे तर. पण बघ तिकडे. डब्यावर भुरी झोपलीय. उठवलं की बोचकारते बाई ती. भुरी उठेल, तेव्हाच मी डबा देईन."

भुरी कोण? भुरी म्हणजे मांजर!

अरे बापरे! मोठी. गुबगुबीत. मिशा एवढ्या लांब. नखं एवढी टोकदार. टिंबी सरकली मागे. एक पाऊल, दोन पावलं. तिला भीती वाटली. फार फार भीती वाटली. वाटलं, पळून जावं.

पण पिल्लू वाट बघत होतं. नवा दात घेऊन बसलं होतं. टिंबीने डोळे मिटले. शेपटी घट्ट धरली. आणि आली डब्यापाशी. हळूच. अगदी हळूच. तुरुक्... तुरुक्...

"भुरीताई, भुरीताई, ऊठ ना.
भुरी उठली की शेठ डबा देतील.
डबा मिळाला की मेस्त्री येतील.
मेस्त्री आले की मावशी चावी फिरवेल.
चावी फिरली की गाडी मागे येईल.
गाडी मागे आली की खोबरं सुटेल.
खोबरं सुटलं की पिल्लाचं उष्टावण होईल!"

भुरीने एक डोळा उघडला. दुसरा उघडायचा कंटाळा केला.

भुरी म्हणाली, "छे गं छे! खोबऱ्याचा कुठे एवढा आवाज येतो? ठकी म्हातारी झालीय! तिची हाडं वाजतात. माझं पोट भरलंय, म्हणून तू वाचलीस. जा आता. गुंड्या भुंकेल, तेव्हाच मी उठेन."

ऐकलंत? म्हातारी म्हणाली मला! मला! अजून आठवलं की माझा रंग आणखी लाल होतो.

गुंड्या म्हणजे आमच्या गल्लीतला कुत्रा. मातीत लोळत पडला होता. टिंबी आली त्याच्या कानापाशी. आता पाय दुखत होते. तुरुक्... थांब. तुरुक्... थांब.

"गुंड्यादादा, गुंड्यादादा, भुंक ना.
गुंड्या भुंकला की भुरी उठेल.
भुरी उठली की शेठ डबा देतील.
डबा मिळाला की मेस्त्री येतील.
मेस्त्री आले की मावशी चावी फिरवेल.
चावी फिरली की गाडी मागे येईल.
गाडी मागे आली की खोबरं सुटेल.
खोबरं सुटलं की पिल्लाचं उष्टावण होईल!"

गुंड्या म्हणाला, "छे गं छे! खोबऱ्याचा कुठे एवढा आवाज येतो? गाडीत मांजर शिरलंय! आणि मी असा उगाच भुंकत नाही. माझा नियम आहे. भोंगा वाजेल, तेव्हाच मी भुंकेन."

"कुणाचा भोंगा?" टिंबीने विचारलं.

"अगं, ठकीचा! गल्लीत दुसरी गाडी आहे कुठे?"

बिचारी टिंबी! आली परत माझ्याकडे. ऊन भिंतीवर चढलं होतं. संध्याकाळ व्हायला आली होती. बिळातून आवाज येत होता, चीं चीं, चीं चीं. पिल्लू रडत होतं. टिंबीच्या मिशांना माती. शेपटीला तेल. तिचा आवाजसुद्धा बसला होता. तरी ती म्हणाली,

"ठकीबाई, ठकीबाई, भोंगा वाजव ना.
भोंगा वाजला की गुंड्या भुंकेल.
गुंड्या भुंकला की भुरी उठेल.
भुरी उठली की शेठ डबा देतील.
डबा मिळाला की मेस्त्री येतील.
मेस्त्री आले की मावशी चावी फिरवेल.
चावी फिरली की गाडी मागे येईल..."

"थांब थांब थांब!" मी म्हटलं. "कोणती गाडी?"

"तूच की, ठकीबाई."

"आणि भोंगा कुणाचा?"

"तुझाच की, ठकीबाई."

मी विचार केला. मला विचार करायची सवय नाही, त्यामुळे जरा वेळ लागला.

गुंड्या थांबलाय माझ्यासाठी. भुरी थांबलीय गुंड्यासाठी. शेठ थांबलेत भुरीसाठी. मेस्त्री थांबलेत शेठसाठी. मावशी थांबलीय मेस्त्रींसाठी. आणि मी? मी थांबलेय मावशीसाठी!

म्हणजे सगळे माझी वाट बघतायत. आणि मी सगळ्यांची वाट बघतेय!

अगं ठके, ठके! केवढी तू मोठी, आणि केवढंसं तुझं डोकं! मला माझीच लाज वाटली. स्टीअरिंग बिघडलं असेल नाहीतर नसेल. भोंग्याला काय धाड भरलीय? भोंगा तर ठणठणीत आहे! आणि इथे एक आई दिवसभर धावतेय.

मी घेतला मोठ्ठा श्वास. आणि वाजवला भोंगा.

पॉंऽऽऽऽऽऽ!

भोंगा वाजला, तसा गुंड्या भुंकला. भॉ भॉ भॉ!

गुंड्या भुंकला, तशी भुरी उठली. टुण्णकन उडी!

भुरी उठली, तसा शेठनी डबा दिला. घ्या!

डबा मिळाला, तसे मेस्त्री आले. फट फट फट फट!

मागोमाग शेठ आले. गुंड्या आला. भुरीसुद्धा आली, पण भिंतीवर बसली. सगळ्यांना आवाज ऐकायचा होता ना!

मेस्त्रींनी माझं बॉनेट उघडलं. तेलाचं झाकण काढलं. आत बघितलं.

"तेल तर काठोकाठ आहे!"

शेठनी पट्टा दाबून बघितला.

"पट्टा तर घट्ट आहे!"

गुंड्याने माझ्यात नाक खुपसलं.

"मांजर तर नाहीये!"

सगळे डोकं खाजवायला लागले. खर खर, खर खर. मेस्त्री म्हणाले, "मावशी, फिरवा चावी, घ्या जरा मागे. आवाज तर ऐकू."

मेस्त्री आले, तशी मावशीने चावी फिरवली. घुर्रर्र!

चावी फिरली, तशी मी मागे आले.

कर्र कट् कट्! कर्र कट् कट्! कर्र कट्...

टप्!

गाडी मागे आली, तसं खोबरं सुटलं. पडलं खाली. गोल गोल फिरलं. आणि पालथं झालं.

मावशीने मला पुढे घेतलं. आवाज नाही. मागे घेतलं. आवाज नाही. स्टीअरिंग सुळ्ळकन इकडे. आवाज नाही. सुळ्ळकन तिकडे. आवाज नाही.

सगळ्यांनी खोबऱ्याकडे बघितलं. एवढंसं खोबरं!

मेस्त्री म्हणाले, "मला वाटलंच होतं."

शेठ म्हणाले, "मलाही वाटलंच होतं."

मावशी म्हणाली, "अहो, मी तर सकाळपासून म्हणतेय!"

गुंड्याने शेपूट हलवलं. भुरी दुसरीकडे बघायला लागली.

आणि मी? मी काहीच म्हटलं नाही. पहिल्यांदाच! बोलणार काय? मोठा आजार म्हणे! पॉवर स्टीअरिंगचा आजार म्हणे! आणि निघालं काय, तर खोबरं!

टिंबी मात्र धावली खोबऱ्याकडे. खोबरं उचललं. पुसलं. कुरतडून त्याचा पांढरा शुभ्र कीस काढला. मग बिळातून पिल्लाला घेऊन आली. मागून पाहुणे आले. झुरळकाका, मुंग्या, आणि ती पाल.

मावशी म्हणाली, "अगं टिंबे, उष्टावणाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. मामा कुठाय?"

टिंबी म्हणाली, "मला भाऊच नाही, मावशी."

झुरळकाका लाजून मागे सरकले. पाल लगेच पुढे आली. सगळे तिला म्हणाले, "तू नको!"

मग टिंबीने माझ्याकडे बघितलं.

"ठकीबाई, तू भरव."

"मी?" माझा भोंगाच बसला. "अगं, दिवसभर तुझं खोबरं मीच अडवून ठेवलं! आणि मला हात कुठे आहेत?"

"वायपर आहे की," टिंबी म्हणाली.

ती पिल्लाला घेऊन माझ्या काचेवर चढली. पिल्लाला काचेच्या कडेला बसवलं. वायपरच्या टोकावर ठेवला खोबऱ्याचा कीस. चिमूटभर.

मी वायपर हलवला. हळू. अगदी हळू. एवढी हळू मी जन्मात कधी हलले नव्हते. सांडला तर? लागलं तर?

फिस्स्... फिस्स्... फिस्स्...

पिल्लाने केला मोठ्ठा आ. त्यात एक पांढरा दात. खोबरं गेलं तोंडात.

कुट्टुम्!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिंबी रडत होती आणि हसतही होती. पिल्लाने माझ्याकडे बघितलं. मिशा हलवल्या. आणि म्हणालं,

"मामा, अजून!"

मी काही मामा नाही हो, मी बाई आहे. पण मी म्हटलं, "हो रे सोन्या!" आणि अजून भरवलं.

पिल्लाचं पोट भरलं. टिंबीचे पाय विसावले. ठकी गप्प झाली. आणि तुम्ही हो? तुम्ही करा बघू आता मोठ्ठा आ!